ध्वनी आधी की चित्र आधी? सूचनांच्या कागदांतून दिसणारा बोलपटाचा इतिहास

१/
१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, वेस्ट ऑरेंज येथे, थॉमस एडिसनच्या जुन्या प्रयोगशाळेतील वस्तूंची मोजदाद चालू होती. संगीताच्या खोलीत धातूचा एक डबा सापडला. आत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांचे व्हायोलिनवादन असून ते ‘किनेटो’सह आहे, एवढाच मजकूर त्यावरील चिठ्ठीवर होता. १९६४ साली डबा उघडला, तेव्हा आतले मेणाचे नळकांडे दुभंगलेले निघाले.

२/
त्याच वर्षी प्रयोगशाळेतील उरलेल्या नायट्रेट फिल्म जतनासाठी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेल्या. त्यांत एक छोटी पट्टी होती. एक माणूस भल्यामोठ्या भोंग्यासमोर उभा राहून व्हायोलिन वाजवतो आहे आणि शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत आहेत. चित्रण १८९४च्या अखेरीचे किंवा १८९५च्या आरंभीचे. चित्र एका संस्थेत, ध्वनी दुसऱ्या ठिकाणी, आणि ही दोन्ही एकाच प्रसंगाची आहेत हे सांगणारा पुरावा म्हणजे डब्यावरची ती त्रोटक चिठ्ठी.

३/
१९९८मध्ये नळकांडे सांधून त्यातील ध्वनी न्यूयॉर्क येथे नव्याने मुद्रित करण्यात आला. मग खरी अडचण पुढे आली. ध्वनी सुमारे दोन मिनिटांचा, चित्र जेमतेम सतरा सेकंदांचे. या दोन मिनिटांतील कोणती सतरा सेकंदे? शिवाय फिल्म सेकंदाला सुमारे ४० फ्रेम या वेगाने काढलेली, म्हणजे आजच्या यंत्रावर ती नेहमीच्या वेगाने लावली तर हात संथ आणि सूर जलद. अखेर २०००मध्ये संकलक आणि ध्वनिरचनाकार वॉल्टर मर्च यांनी संगणकावर दोन्ही घेऊन मेळ बसवला. प्रयोग पूर्ण व्हायला एकशे पाच वर्षे लागली.

४/
डिक्सनच्या चिठ्ठीने ‘कशासोबत’ हे सांगितले होते. ‘कोठून’ आणि ‘किती वेगाने’ हे सांगितले नव्हते. ध्वनी आणि चित्र जुळवण्याचा इतिहास बहुधा यंत्रांचा आणि संशोधकांचा म्हणून सांगितला जातो. पण तो सूचना लिहिणाऱ्यांचाही इतिहास आहे. यंत्र उत्तम असताना केवळ सूचना अपुरी म्हणून मेळ बिघडल्याची उदाहरणे त्यात जागोजागी आहेत, आणि एखाद्या शब्दाने किंवा खुणेने शेकडो चित्रगृहांचा घोळ मिटल्याचीही. या धाग्यात त्या दुसऱ्या इतिहासाकडे पाहू.

५/
फ्रान्समध्ये लेआँ गोमाँ यांनी १९०२मध्ये ‘क्रोनोफोन’ दाखवले. प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्र विजेच्या तारांनी जोडलेले, आणि ऑपरेटरसमोर काटा असलेली एक तबकडी. चित्र मागे पडले की काटा एका बाजूला, पुढे गेले की दुसऱ्या बाजूला. ऑपरेटरने बटण फिरवून काटा मध्यावर आणायचा. या पेटीला फ्रेंचमध्ये वाद्यवृंदाचा संचालक असे नाव होते. नावाची गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काटा ऑपरेटरला फक्त ‘चूक आहे’ असे सांगत नव्हता, चूक कोणत्या दिशेची आहे हेही दाखवत होता. ही साधी सोय पुढे अनेक दशके विसरली गेली.

६/
१९१३मध्ये एडिसनने ‘किनेटोफोन’ या नावाखाली बोलत्या चित्रांचा पुन्हा प्रयत्न केला. ध्वनियंत्र पडद्यापाशी, प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मागे, आणि दोघांना जोडणारी लांबलचक दोरी कप्प्यांवरून छताखालून नेलेली. दोरी सैल पडली किंवा ऑपरेटरचा हात चुकला की गायकाचे तोंड मिटल्यावर सूर ऐकू येई. प्रेक्षक हसत, ओरडत. प्रकार लवकरच बंद पडला.

७/
व्यापारी यश मिळाले ते विटाफोनला. ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉर्नर बंधूंचा ‘डॉन जुआन’ ध्वनिमुद्रित संगीतासह दाखवला गेला; ६ ऑक्टोबर १९२७ रोजी ‘द जॅझ सिंगर’ आला. ध्वनी फिल्मवर नव्हता, वेगळ्या तबकडीवर होता. तबकडी १६ इंच व्यासाची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, आणि नेहमीच्या रेकॉर्डच्या उलट आतून बाहेर वाजणारी. १००० फुटांचे एक रीळ मिनिटाला ९० फूट या वेगाने सुमारे अकरा मिनिटे चाले, आणि तेवढाच ध्वनी एका तबकडीच्या एका बाजूला मावे.

८/
या ९० फुटांकडे जरा थांबून पाहावे. मूकपटाच्या काळात वेग ठरलेला नसे. चित्रण करणारा हाताने कॅमेरा फिरवी, दाखवणारा आपल्या सोयीने प्रोजेक्टर चालवी, आणि शेवटचा खेळ लवकर आटोपायचा असेल तर जरा भरभर फिरवी. मुंबईच्या चित्रगृहात पेटी-तबल्याची साथ असो की न्यूयॉर्कमध्ये वाद्यवृंद असो, माणसे समोर बसलेली असल्यामुळे वेग बदलला तरी ती सांभाळून घेत. तबकडी सांभाळून घेत नाही. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे ९० फुटांत १४४०, म्हणजे सेकंदाला २४. आज सिनेमाचा जणू निसर्गनियम वाटणारा २४ हा आकडा ध्वनीच्या गरजेपोटी ठरला. ‘साधारण इतक्या वेगाने’ या जागी ‘नेमका इतका’ असे लिहावे लागले.

९/
विटाफोनच्या ऑपरेटरला दिलेली कृती अशी. फिल्मच्या आरंभीच्या कोऱ्या भागात ‘स्टार्ट’ असा शब्द असलेली एक फ्रेम असे. ती प्रोजेक्टरच्या खिडकीत नेमकी बसवायची. तबकडीवर आतल्या कडेजवळ एक बाण असे. सुई त्या बाणावर टेकवायची. मग दोन्हींना फिरवणारी एकच मोटर सुरू करायची. गायक-तबलजी समेवर भेटतात, ती सम आधी ठरलेली असते; येथे ती सम कागदावर आणि लाखेवर आखून दिली होती. ‘दोन्ही एकाच वेळी सुरू करा’ अशी सूचना चालली नसती, कारण ‘एकाच वेळी’ हे माणसाच्या हाताला साधत नाही. ‘ही खूण येथे, ती खूण तेथे’ हे साधते.

१०/
पण आरंभ जुळला तरी काम संपत नव्हते. फिल्म तुटते. पूर्वी ऑपरेटर तुटलेला तुकडा कापून टाकी आणि टोके चिकटवी. दोन-चार फ्रेम गेल्याने कोणाचे काही बिघडत नसे. विटाफोनमध्ये गेलेली प्रत्येक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग चित्र पुढे सरकले, आणि रीळ संपेपर्यंत ते पुढेच राहणार. तीन गावांतील तीन ऑपरेटरांनी मिळून बारा फ्रेम कापल्या, तर चौथ्या गावात नायिकेचे ओठ आवाजाच्या अर्धा सेकंद आधी हलत. म्हणून नियम आला: जेवढ्या फ्रेम काढाल, तेवढ्याच काळ्या फ्रेम मोजून जोडा. पडद्यावर क्षणभर अंधार चालेल, पण लांबी बदलता कामा नये.

११/
तबकडीवरच्या कागदी चिठ्ठीवर लहान चौकोन छापलेले असत. एकदा वाजवली की एका चौकोनावर खूण करायची. साधारण वीस वेळांनंतर तबकडी बाद, कारण झिजलेल्या खाचेतून सुई उडते, आणि सुई एक खाच उडाली की जवळपास दोन सेकंदांचा घोटाळा. तबकडीच्या वयाची नोंद तबकडीच्याच अंगावर ठेवण्याची ही युक्ती फार शहाणपणाची होती. वेगळ्या वहीत ठेवलेली नोंद पुढच्या गावी पोहोचली नसती.

१२/
तरीही चुका होत. चुकीच्या रिळाला चुकीची तबकडी लागे. १९५२च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये नायिकेच्या तोंडी खलनायकाचा आवाज येतो आणि प्रेक्षक हसून लोळतात, तो विनोद या काळातील हकिकतींवर उभा आहे. नंतरच्या काळाला मात्र या पद्धतीने एक गंभीर वारसा दिला. फिल्म एका ठिकाणी उरली आणि तबकडी दुसरीकडे गेली, किंवा दोहोंपैकी एकच उरले. १९९१पासून ‘विटाफोन प्रोजेक्ट’ या नावाने काही संग्राहक जगभरातील तबकड्या शोधून त्यांच्या मुक्या झालेल्या फिल्मशी जुळवत आहेत. डिक्सनच्या डब्यापेक्षा त्यांचे काम थोडे सोपे आहे, कारण तबकडीवर चित्राचे नाव, रिळाचा क्रमांक आणि तो बाण आहे.

१३/
१९३०-३१च्या सुमारास तबकडी मागे पडली आणि ध्वनी फिल्मच्याच कडेला प्रकाशरेषेच्या रूपाने मुद्रित होऊ लागला. चित्र आणि ध्वनी एकाच पट्टीवर, म्हणजे आता भांडण मिटले असे वाटेल. पण चित्राच्या खिडकीपाशी फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबते आणि पुढे सरकते. ध्वनी वाचायचा तर ती अखंड, एकसारखी सरकत राहायला हवी. एकाच जागी दोन्ही शक्य नाही. म्हणून ध्वनी वाचणारा भाग खिडकीच्या पुढे काही अंतरावर बसवला, आणि त्या अंतराएवढा, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर सुमारे २० फ्रेमएवढा, ध्वनी आपल्या चित्राच्या ‘पुढे’ छापला गेला.

१४/
या ‘पुढे’ शब्दाने पुष्कळांना चकवले आहे. ध्वनी २० फ्रेम पुढे म्हणजे तो लवकर ऐकू येतो, असे नाही. तो पट्टीवर आरंभाच्या टोकाकडे सरकलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. प्रेक्षकाला दोन्ही बरोबरच मिळतात. एकाच शब्दात जागा आणि वेळ या दोन गोष्टी मिसळल्या, आणि ती मिसळ आजही कोठे कोठे तशीच आहे. एक लाभ मात्र मोठा झाला. फिल्म तुटून तुकडा गेला, तरी चित्र आणि ध्वनी दोन्हींतून सारखीच लांबी जाते. जोडानंतर सेकंदभरात मेळ आपोआप परत येतो. काळ्या फ्रेम मोजण्याचा जाच संपला.

१५/
हिंदुस्थानात बोलपट आला तो याच टप्प्यावर. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला. त्यासाठी टॅनार जातीचे यंत्र वापरले होते, ज्यात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी, एकाच फिल्मवर, कॅमेऱ्यातच मुद्रित होत. यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ मुंबईत आले. त्यांच्याकडून इराणी आणि रुस्तम भरूचा यांनी अल्पकाळात ध्वनिमुद्रण शिकून घेतले. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्यामुळे बरेचसे चित्रण रात्री, गाड्या थांबल्यावर होई.

१६/
एकाच फिल्मवर दोन्ही, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी मेळाची चिंता नाही. पण संकलनाच्या टेबलावर तोच २० फ्रेमचा प्रश्न उभा राहतो. चित्राच्या दृष्टीने योग्य जागी कात्री चालवली तर ध्वनी भलत्या क्षणी कापला जातो. शब्द तुटतो किंवा मागच्या पात्राच्या वाक्याचे शेपूट पुढच्या पात्राच्या तोंडाशी येते. उपाय एकच: संवादांच्या आधी-नंतर शांततेची मोकळी जागा ठेवायची. आरंभीचे बोलपट थांबत थांबत बोलतात, याचे श्रेय केवळ नाटकी वळणाला देऊन भागणार नाही. ‘आलम आरा’ची प्रत आज उपलब्ध नाही, म्हणून तो या अडचणीतून कसा सुटला हे पडद्यावर पाहण्याची सोय राहिलेली नाही.

१७/
पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला. १९३५मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘धूपछाँव’ यांत पार्श्वगायन आणले. तेथून क्रम उलटला. गाणे आधी मुद्रित होणार, कॅमेरा नंतर फिरणार, आणि नटाने वाजणाऱ्या गाण्याबरहुकूम ओठ हलवायचे. मेळ राखण्याचा भार यंत्रावरून काही अंशी माणसाच्या ओठांवर आला.

१८/
ध्वनी आणि चित्र वेगवेगळ्या यंत्रांवर मुद्रित होऊ लागले, तेव्हा विटाफोनच्या ‘स्टार्ट’ खुणेचे काम पाटीने उचलले. दृश्य, शॉट, टेक यांचे क्रमांक पाटीवर लिहायचे, ते मोठ्याने म्हणायचे आणि पाटीवरची फळी आपटायची. फळ्या मिटलेली पहिली फ्रेम आणि आवाजातील ‘टक्’ एकावर एक ठेवले की काम झाले. तालात टाळी सम दाखवते, ही टाळीही तेच करते. लिहिलेले चित्रासाठी, उच्चारलेले ध्वनीसाठी, आणि टाळी दोघांसाठी. प्रभातच्या जुन्या आवारात १९६०पासून असलेल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी आरंभीच हे शिकतात.

१९/
आता पुन्हा प्रोजेक्टरच्या खोलीत जाऊ, कारण या इतिहासातील सर्वांत सुंदर दुरुस्ती तेथे झाली. १९३०च्या सुमारास प्रत्येक स्टुडिओ आपल्या रिळाच्या आरंभी आपल्या मनाप्रमाणे खुणा करी. ऑपरेटरला आठवड्यातून चार प्रकारच्या खुणा वाचाव्या लागत. तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने सर्वांसाठी एक समान आरंभपट्टी ठरवली. तीत प्रत्येक फुटाला एक आकडा: ११, १०, याप्रमाणे ३पर्यंत. कोणताही आकडा खिडकीत बसवला तरी चित्र किती अंतरावर आहे हे ऑपरेटरला कळे.

२०/
मात्र दोन आकडे अंकांत लिहिले नव्हते. सहा आणि नऊ हे इंग्रजी अक्षरांत, शब्द म्हणून छापले होते. कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्म उलटी भरतात. उलटा ६ हा ९ दिसतो आणि उलटा ९ हा ६. अंधुक खोलीत, घाईत, उलट्या पट्टीवर वाचणाऱ्या माणसाचा घोळ कोठे होईल हे कोणीतरी आधीच ओळखले आणि तेवढ्या दोन जागी नियम मोडला. सगळे आकडे एकसारखे दिसावेत हा नीटनेटकेपणाचा आग्रह धरला असता, तर तीन फुटांची, म्हणजे दोन सेकंदांची चूक ठरलेली. देवनागरी ६ आणि ९ यांनीही शाळकरी मुलांना कमी छळलेले नाही. हे दुखणे कोणत्याही मराठी माणसाला सहज समजावे.

२१/
१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील चित्रपट अभियंत्यांच्या संस्थेने नवी आरंभपट्टी आणली. तिच्यात फुटांऐवजी सेकंद होते, ८पासून २पर्यंत, आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी रेषा. दूरचित्रवाणीच्या तंत्रज्ञाला फूट मोजण्याचे कारण नव्हते. त्याचे काम सेकंदांत चाले. जुन्या पट्टीतील ३ फूट आणि नव्या पट्टीतील २ सेकंद ही एकच जागा आहे, चित्राआधी ४८ फ्रेम. याच २ आकड्यावर एका फ्रेमपुरता ‘बीप’ ठेवण्याची रीत संकलक आजही पाळतात. अंतर तेच राहिले. फक्त वाचणाऱ्याच्या कामाचे एकक घेतले गेले.

२२/
याच संस्थेने १९६७च्या सुमारास विकसित झालेल्या टाइमकोडला पुढे मानक रूप दिले: तास, मिनिटे, सेकंद, फ्रेम. प्रत्येक फ्रेमला स्वतःचा पत्ता मिळाला. आता चूक होऊ नये. पण अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणीने एक काटा पेरून ठेवला होता. १९५३मध्ये रंगाची लहर आणि ध्वनीची लहर एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी दिसू नये, म्हणून सेकंदाला ३० फ्रेमचा वेग किंचित, हजारात एक भाग, कमी केला गेला. वेग झाला २९.९७. सेकंदाला ३० मोजत गेले तर दर तासाला १०८ फ्रेमची, म्हणजे ३.६ सेकंदांची तफावत पडते.

२३/
तोड अशी काढली: दर मिनिटाच्या आरंभी ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळायचे, फक्त दर दहाव्या मिनिटाला वगळायचे नाहीत. तासाला ५४ वेळा दोन, बरोबर १०८. गणित चोख आहे. नाव मात्र ठेवले ‘ड्रॉप फ्रेम’, म्हणजे फ्रेम गाळणे. प्रत्यक्षात एकही फ्रेम गळत नाही, केवळ क्रमांक गळतात. गावातील घर पाडले जात नाही, घर क्रमांक १३ वापरात घेतला जात नाही, इतकेच. तरीही त्या नावामुळे आपले चित्र कापले जाईल या भीतीने चुकीचा पर्याय निवडणारे नवशिके आजही भेटतात. लेखनात मात्र चांगली सोय आहे: साध्या मोजणीत सेकंद आणि फ्रेम यांच्यामध्ये अपूर्णविराम, या मोजणीत अर्धविराम.

२४/
भारताने १९८२मध्ये रंगीत दूरचित्रवाणीसाठी पाल ही पद्धत घेतली. तिच्यात सेकंदाला सरळ २५ फ्रेम, म्हणून अर्धविरामाची कटकट नाही. पण सिनेमा २४चा. सोपा मार्ग म्हणजे २४च्या फिल्मला २५च्या वेगाने पळवणे. अशा रूपांतरात १५० मिनिटांचे चित्र १४४ मिनिटांत संपते, आणि सूर चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनच्या दिशेने निघते, पण तेथे पोहोचत नाही. मध्येच कोठेतरी लटकते. पेटी घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला ते गाणे कोणत्याच पट्टीत सापडत नाही, आणि दोष बिचाऱ्या पेटीला दिला जातो.

२५/
येथे दोन दुखणी वेगळी केली पाहिजेत. आवाज आरंभापासून अखेरपर्यंत ठरावीक अंतराने मागे किंवा पुढे असेल, तर तो सरकवून भागते. पण २५च्या वेगाच्या चित्राला २४च्या वेगाचा ध्वनी जोडला, तर अंतर वाढत जाते. मिनिटाला दोन सेकंदांहून अधिक. हे दुखणे सरकवून बरे होत नाही, वेगच दुरुस्त करावा लागतो. अनेक मॅन्युअल ‘ध्वनी जुळत नसल्यास’ एवढेच म्हणतात आणि लगेच आकडा घालायला सांगतात. चित्राच्या आरंभी आणि अखेरीला असे दोनदा पाहा, हे एक वाक्य तेथे असले तर वाचणाऱ्याचा तासभर वाचेल.

२६/
मेळ किती बिघडला की माणसाला कळतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीत आकडे आहेत. ध्वनी ४५ मिलिसेकंद लवकर आला की जाणवतो. उशिरा आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. ही विषमता निसर्गाची आहे. दूर माळावर कोणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि ‘खट्’ मागाहून येते. सिनेमाच्या एका फ्रेमच्या काळात आवाज साधारण चौदा मीटर जातो, म्हणजे मोठ्या चित्रगृहात मागच्या रांगेला तो एक-दोन फ्रेम उशिराच मिळतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची डोळ्यांना आणि कानांना सवय आहे. आवाज दृश्याच्या आधी आला, असे मात्र निसर्गात कधी घडत नाही.

२७/
आणि सपाट पडद्याच्या टीव्हीने नेमके तेच घडवले. चित्रावरची प्रक्रिया वेळखाऊ, ध्वनीवरची अल्प. चित्र उशिरा, आवाज लवकर. म्हणून टीव्हीत आणि ध्वनियंत्रात ‘ऑडिओ डीले’, ‘लिप सिंक’, ‘एव्ही सिंक’ अशा नावांच्या पट्ट्या आल्या; २००६च्या एचडीएमआय १.३ने हे आपोआप जुळवण्याची तरतूदही केली. पुढे ब्लूटूथ हेडफोनने पारडे उलटे झुकवले: आता आवाज उशिरा. ज्या टीव्हीत फक्त आवाजाला उशीर लावण्याची सोय आहे, तेथे ही पट्टी कितीही सरकवली तरी दुखणे वाढतच जाते. पट्टीच्या नावावरून हे कळत नाही.

२८/
सर्वांत मोठा गोंधळ मात्र अधिक-उणे या दोन चिन्हांचा. दूरसंचार संघाच्या त्या शिफारशीत अधिक चिन्हाचा अर्थ आहे, ध्वनी लवकर येतो आहे. म्हणजे चिन्ह दुखण्याचे वर्णन करते. एमपीव्ही या आजच्या लोकप्रिय व्हिडिओ प्लेअरच्या मॅन्युअलमध्ये ‘ऑडिओ-डीले’ला अधिक आकडा दिला की ध्वनीला उशीर लावला जातो. म्हणजे चिन्ह औषधाचे वर्णन करते. सुदैवाने ध्वनी १०० मिलिसेकंद लवकर असेल तर दुखणेही अधिक १०० आणि औषधही अधिक १००, त्यामुळे येथे गाडी रुळावर राहते.

२९/
ज्या एमप्लेअरपासून एमपीव्हीचा वंश निघाला, त्याच्या मॅन्युअलमध्ये ‘-डीले’ हा पर्याय होता. त्यात उणे आकडा ध्वनीला उशीर लावी आणि अधिक आकडा चित्राला. त्याच प्रकल्पातील एमएनकोडर या जुळ्या भावंडाचा पर्याय ‘-ऑडिओ-डीले’, आणि तेथे नेमके उलटे: अधिक आकडा ध्वनीला उशीर लावी. एकाच घरातील दोन दिवे विरुद्ध दिशेने फिरणाऱ्या बटणांचे. हे उघडच मागाहून लक्षात आले असावे, आणि तोवर लोकांच्या सवयी व फायली इतक्या झाल्या की चिन्ह बदलणे अवघड.

३०/
पण त्या मॅन्युअलच्या लेखकांनी मग जे केले ते अकॅडमीच्या सहा-नऊच्या तोडीचे आहे. दोन्ही नोंदींत त्यांनी स्पष्ट लिहिले की, हा पर्याय त्या दुसऱ्या पर्यायाच्या बरोबर उलट आहे. शिवाय एमएनकोडरच्या नोंदीत उदाहरण दिले: ‘-डीले’ ०.२ ठेवल्यावर चित्र नीट चालत असेल, तर ते कायमचे दुरुस्त करण्यासाठी ‘-ऑडिओ-डीले’ उणे ०.२ द्या. ‘अधिक’, ‘उणे’, ‘पुढे’, ‘मागे’ यांच्या व्याख्या वाचून जो गोंधळेल, तो या उदाहरणातील आकडा उचलून आपले काम करू शकेल.

३१/
एमपीव्हीच्या नोंदीतही एकाच वाक्यात दोन्ही दिशा सांगितल्या आहेत: अधिक आकडा ध्वनीला उशीर लावतो, उणे आकडा चित्राला. कशाला उशीर लागणार, हे दोन्ही वेळा नावानिशी येते. ‘मूल्य वाढवल्यास विलंब वाढतो’ असे लिहिणाऱ्या मॅन्युअलमध्ये नेमके तेच नाव गाळलेले असते. कोणाचा विलंब? गोमाँच्या काट्याने १९०२मध्ये जे ऑपरेटरला दाखवले, तेच वाचणाऱ्याला या ठिकाणी हवे असते: ओठ आधी हलताना दिसतात की आवाज आधी येतो, आणि तसे असेल तर बटण कोणीकडे फिरवायचे.